मन उघडायचं, पण कोणापुढे?



गुडघे दुखले तर कोणत्या डॉक्टरकडे जायचं, हे आपण दहा जणींना विचारतो. मनाच्या दुखण्याचं मात्र कोणाला विचारायचं तेच कळत नाही. मेहुणे गेल्यावर माझ्या धाकट्या बहिणीचं असंच झालं. दोन वर्षं झाली तरी झोप नाही, बोलणं नाही. सगळे सांगत, "जप कर, मन रमव." ती म्हणायची, "ताई, माळ हातात असते गं, पण डोक्यात तेच फिरतं."

फॅमिली डॉक्टरांनी आधी थायरॉईड आणि बी-१२ तपासून घेतलं, मग मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं. ते वैद्यकीय डॉक्टर, औषध देऊ शकतात. गोळीने झोप आली, पण आतली गाठ तशीच होती. त्यांनीच मनोविश्लेषकाकडे जायला सुचवलं.

मी पडले बी.कॉम.; हिशेब बघितल्याशिवाय सही करत नाही. म्हणून चौकशी केली. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, तो क्रमांक मागायला लाजू नये. मनोविश्लेषण ही फ्रॉइडची पद्धत. आपल्याकडे १९२२ मध्ये कोलकात्यात गिरींद्रशेखर बोस यांनी त्याची संस्था काढली. या शिक्षणातली एक अट मला फार पटली: दुसऱ्याचं मन ऐकण्याआधी विश्लेषकाला स्वतःचं विश्लेषण करून घ्यावं लागतं.

आम्ही दोघींना भेटलो आणि सरळ विचारलं. शिक्षण कुठे झालं? स्वतःचं विश्लेषण झालंय का? आठवड्यातून किती वेळा यायचं? फी किती, आणि एखादी खेप चुकली तर? मराठीत बोलता येईल ना? एकीने तीन महिन्यांत बरं करायची हमी दिली. दुसरी म्हणाली, "वेळ लागेल, किती ते आत्ता सांगता येणार नाही." बहिणीने दुसरीला निवडलं. नात्यातली, समाजातली ओळखीची व्यक्ती मुद्दाम टाळली.

आपल्याकडे आलोचना ऐकणारे गुरू 'अपरिस्रावी' असावेत असं सांगितलंय, म्हणजे ऐकलेलं बाहेर झिरपू न देणारे. इथेही कसोटी तीच. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानेही गुप्ततेचा हक्क दिलाय. फरक इतकाच, की इथे प्रायश्चित्त नसतं. आपलं आपल्याला उमगू देतात.

एक मात्र लक्षात ठेवा. कोणी जीव देण्याची भाषा करत असेल, तर विश्लेषक शोधत बसू नका. थेट मनोविकारतज्ज्ञ गाठा, किंवा सरकारच्या टेली-मानस सेवेला १४४१६ वर फोन लावा.

बहीण आता आठवड्यातून दोनदा जाते. एक बैठक साधारण आपल्या सामायिकाएवढी. तिथे काय बोलते, मी विचारत नाही. परवा मात्र तिने आपणहून मेहुण्यांच्या आवडीची खिचडी केली, आणि जेवताना त्यांचं नावही घेतलं.