डावा हात खिशात

परवा रात्री दीडच्या सुमाराला विहिरीकडून जळक्या वार्निशचा वास आला. मोटारीचं वाइंडिंग जळतं तेव्हा वास आधी गोडसर येतो, मग घशात खवखवतो. या आठवड्यात थ्री फेजची पाळी रात्रीची. आमच्या लोणी-धामणीच्या पट्ट्यात पाण्याचा भरवसा नाही, विजेचा त्याहून नाही; बिबट्याचा मात्र आहे. पुढं पुतण्या, हातात काठी आणि बॅटरी. मागं मी. त्यानं पत्र्याच्या पेटीचं दार उघडलं, डावा हात दारावर टेकवला आणि उजवा थेट स्टार्टरकडं नेला.

"डावा हात खिशात!" मी ओरडलो.

पोरगं टुणकन मागं उडालं. त्याला वाटलं, बिबट्याच आला. मग म्हणाला, "नाना, पायजम्याला खिसा कुठंय?"

हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं १९८४ साली, जामनगरला, आयएनएस वलसुरा या नौदलाच्या वीजशाळेत. चिल्क्याच्या नौदल केंद्रातली कवायत उरकून आलेली आम्ही पोरं, समोर उंचापुरा इन्स्ट्रक्टर. "बायाँ हाथ जेब में," एवढंच बोलला आणि स्वतःचा डावा तळहात उघडून दाखवला. मधोमध पांढरा, गुळगुळीत डाग. कुठं लागला, कसा लागला, चकार शब्द नाही. करंट एका हातातून शिरून दुसऱ्यातून निघाला तर वाटेत छाती लागते, हे त्यानं दुसऱ्या दिवशी फळ्यावर काढलं. पण आम्ही शिकलो ते त्या डागावरून. रात्री बराकीत त्या डागाच्या निदान पाच गोष्टी तयार झाल्या होत्या.

पहिल्या सुट्टीत माघी पौर्णिमेला धामणीच्या खंडोबाला गेलो. दर्शनाच्या रांगेत माझा डावा हात आपोआप खिशात. वडील म्हणाले, "देवाच्या दारात बी साहेब झालास का?" मी करंट, छाती, काळीज सगळं समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हितं कुठं करंट हाय?" हात बाहेर काढला. गाभाऱ्यापाशी पोचेपर्यंत परत खिशात.

वलसुरा १९४२ साली निघालं ते टॉर्पेडोची शाळा म्हणून. इंग्रजांच्या आरमारात जहाजावरची वीज टॉर्पेडोवाल्यांच्याच ताब्यात असे; वेगळी वीजशाखा दुसरं महायुद्ध सरल्यावर झाली. पुढं मीही वर्गात हे सांगायचो. पोरं जांभया द्यायची. त्यांचं बरोबरच होतं.

पाणबुडीत मात्र खिशाचा उपयोग नाही. जुन्या फॉक्सट्रॉट जातीच्या बोटीत पायाखाली ४४८ सेल, एकेक सेल चार माणसांनाही न उचलवणारा. बॅटरीच्या खड्ड्यात पोटावर सरकत जायचं. घड्याळ, अंगठी वरच ठेवायची. आईनं बांधलेला तांब्याचा ताईत मी तिथं काढला, तो पुन्हा दंडावर चढला नाही. आईला कधी सांगितलं नाही. चार्जिंग चालू असताना हायड्रोजन सुटतो, हवेत तो चार टक्क्यांवर गेला की एक ठिणगी पुरते. त्याच जातीची कुरसुरा आता विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर संग्रहालय होऊन उभी आहे. बायकोला घेऊन गेलो, रीतसर तिकीट काढून. ती म्हणाली, "एवढ्याशा जागेत राहायचा तुम्ही? आणि घरात पसारा दिसला की मलाच बोलता!"

नंतर अणुभट्टीवरच्या विजेचं शिक्षण झालं. कुठं, किती दिवस, ते लिहिणार नाही. सही करून दिली आहे. १९८८ साली सोव्हिएत संघाकडून भाड्यानं आलेली चक्र आणि २००९ साली नारळ फोडून पाण्यात सोडलेली अरिहंत, या दोन अणुपाणबुड्यांची नावं पेपरात आलेलीच आहेत. गावाला वाटतं मी बॉम्ब करायचो. पारावर अजून 'बॉम्बवाले नाना' म्हणतात, आणि याचा मला मनापासून राग येतो. आमचं काम पंप चालू ठेवायचं. अणुभट्टी बंद केली तरी त्या क्षणी पूर्ण ताकदीच्या सहा-सात टक्के उष्णता निघतच असते. तासाभरानंही टक्काभर राहते. पाणी फिरतं ठेवायला वीज लागतेच. २०११ साली फुकुशिमात भट्ट्या बंद झाल्या होत्या. लाटेत जनरेटर बुडाले आणि पुढचं सगळं झालं. आई रात्री चुलीतला निखारा राखेखाली झाकायची, सकाळी फुंकर मारली की लाल. मला ते वर्गात बसायच्या आधीपासून ठाऊक होतं.

मग मी स्वतः इन्स्ट्रक्टर झालो. पहिल्या दिवशी तेच वाक्य म्हटलं. पोरं नुसती बघत राहिली. माझ्याकडं डाग नव्हता.

म्हणजे होता, दुसरा. डाव्या अंगठ्याच्या मुळाशी, लहानपणी बाजरी काढताना विळा लागलेला. मी तो तळहात उघडला, वर केला आणि काही बोललो नाही. तीस पोरांनी तीस हात खिशात घातले. दर बॅचला हेच केलं. खोटं बोललो नाही, पण त्या माणसाचं मौन मात्र चोरलं. त्याचाही डाग विळ्याचाच होता की काय, हे आता कोणाला विचारू?

परवा मेन स्विच पाडून झाल्यावर पुतण्यालाही तळहात दाखवला. त्यानं बॅटरीचा झोत टाकला, वाकून बघितलं.

"हा तर विळ्याचा. आजी सांगायची. लय रडला होता म्हणं तुम्ही."

मोटार काढायला सकाळी ट्रायपॉड आणायचं ठरवून आम्ही घराकडं वळलो. वाटेत त्यानं काठी उजव्या हातात घेतली आणि डावा हात उगाच कमरेशी चाचपला.