चिनू, तू विचारत राहा

चि. चिनूस,

तू हल्ली स्वतःच स्वतःला घाबरट म्हणतोस, असं तुझी आई फोनवर म्हणाली. मला ते मुळीच आवडलं नाही. हा शब्द तुझा नव्हे, मामाचा. लोणावळ्याच्या भुशी धरणाच्या पायऱ्यांवर सगळे पाण्यात बसले होते आणि तू काठावर उभा होतास. ‘एवढी माणसं बसलीत, तुलाच काय होणार आहे?’ असं तो म्हणाला. तू उलट विचारलंस, ‘हे पाणी येतं कुठून?’ आठवतं? तुला उत्तर कुणीच दिलं नाही.

पाणी येतं मागच्या डोंगरातून. आपल्या डोक्यावर पाऊस नसला तरी वर कोसळला की ओढा बघता बघता फुगतो. ३० जून २०२४ ला त्याच धरणामागच्या धबधब्यात एका कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली, त्यांत चार मुलं होती. त्यांना बेफिकीर म्हणायला माझी जीभ रेटत नाही रे. ती पाण्यात उतरली तेव्हा पाणी उतरण्यासारखंच दिसत असणार.

आणि कुंडमळा? १५ जून २०२५, रविवार. इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल कोसळला. चार जण गेले, पन्नासच्या वर जखमी झाले. पूल धोकादायक असल्याचा फलक तिथे होता. पण माणसाला फलकाआधी माणसं दिसतात. इतके जण उभे आहेत म्हणजे पूल भक्कम असणार, असं प्रत्येकाला वाटतं, आणि प्रत्येकाच्या पावलागणिक पुलावरचं ओझं वाढत जातं. मामाचा हिशेब हाच होता, चिनू. जगातल्या बहुतेकांचा हाच असतो. तुझा वेगळा आहे.

तुझी आजी भातलावणीहून परतताना ओढ्यापाशी थांबायची. पाणी गढूळ झालं, त्यात काटक्या-पाचोळा वाहत आला, की पलीकडे घर दिसत असूनही पाय टाकायची नाही. तिला कुणी घाबरट म्हटलं नाही. मग तुला का? लोणावळ्याच्या ‘शिवदुर्ग मित्र’ पथकातली माणसं बुडालेल्यांना शोधायला पुराच्या पाण्यात जातात. त्यांना विचार, दोर नीट बांधल्याशिवाय उतरता का?

आणि लोहगड विसरलास? हिवाळ्यात गडाच्या त्या निमुळत्या माचीच्या, विंचूकाट्याच्या टोकापर्यंत तू गेलास, प्रत्येक दगड पायाने चाचपत. मामा मात्र दम लागून मध्येच बसला. घाबरट मुलगा तिथवर जातो का?

रागावू नकोस, पण एक सांगते. धरणाच्या काठावर उभा राहिलास तेव्हा मान खाली घातली होतीस. तसं करू नकोस. ‘मला हे ठीक वाटत नाही’ असं मोठ्याने म्हण, सगळ्यांना ऐकू जाईल असं. कदाचित आणखी कुणीतरी तेच म्हणायची वाट बघत असेल.

सुट्टीत कामशेतला ये. कुठे जायचं ते मी ठरवीन. कुठे थांबायचं ते तू सांग. मी थांबेन, आणि मामालाही थांबवीन.

तुझी,
मावशी