दहाचं कार्ड

मेलबर्न, 14 जून

चि. अमेय,

तुझा मेल वाचला. फोनवर बोलले असते तर वाद झाला असता, म्हणून लिहितेय. तुझ्या घरात राहणारी ती मुलगी स्पेनला जायच्या आधी आठवड्यातून दोनदा टॅनिंगला जाते. इंग्लंडात अठराच्या आतल्यांना टॅनिंग बेडवर घेत नाहीत, तेवढा नियम पुरे आहे, मग ऑस्ट्रेलियाने सरसकट बंदी घालायचा आचरटपणा का केला, असं तू विचारतोस. सज्ञान माणसाने आपलं कातडं भाजून घेतलं तर सरकारच्या पोटात का दुखावं? प्रश्न रास्त आहे. पण मी त्या काउंटरच्या आतल्या बाजूला बसलेय, हे तुला ठाऊक नसेल.

2006 साली शिकत असताना संध्याकाळी एका जिममध्ये रिसेप्शनला होते. मागच्या खोलीत दोन बेड होते, अगदी सँडविच टोस्टरसारखे. खाली नळ्या, वर नळ्या, मध्ये माणूस. दाराच्या फटीतून जांभळा उजेड यायचा. गिऱ्हाईक गेलं की काच स्प्रे मारून पुसायचं काम माझं. खोबऱ्याच्या लोशनचा गोड वास आणि त्याखाली काहीतरी करपल्यासारखा दुसरा वास, तो पुसून जात नसे. सांगलीत आजी मला उन्हात खेळू नको, काळी पडशील म्हणून ओरडायची. इथल्या मुली काळं व्हायचे पैसे मोजत होत्या आणि ते मी घेत होते!

नियम तेव्हाही होते, पण ऐच्छिक. फॉर्म असायचा. एकदा लाल केसांची, तोंडभर वांगाचे ठिपके असलेली मुलगी आली. ‘तुमची त्वचा पटकन भाजते का?’ या प्रश्नावर तिचं पेन अडलं. काय लिहू, म्हणाली. ‘हो’ लिहिणाऱ्याला परत पाठवायचं, असं कागदावर होतं. कुणालाही परत पाठवायचं नाही, असं मालकाचं सांगणं होतं. मी म्हटलं, ‘नाही’ लिही. तिने लिहिलं, सही केली. मी दहा खेपांच्या कार्डाला पहिलं भोक पाडलं.

पुढच्याच वर्षी क्लेअर ऑलिव्हर गेली. इथे मेलबर्नमध्येच, 26 वर्षांची. मेलानोमा, म्हणजे त्वचेचा कर्करोग, झाला होता. शेवटच्या दिवसांत वर्तमानपत्रात, टीव्हीवर ती टॅनिंग बेडविरुद्ध बोलत राहिली. बेडवर ती मोजक्याच वेळा गेली होती आणि समुद्रावरही जायचीच, त्यामुळे कुठल्या किरणाने घात केला हे कुणी सांगू शकणार नाही. पण लोक हलले. 2008 मध्ये व्हिक्टोरियाने परवाना सक्तीचा केला, अठराच्या आतल्यांना आणि अगदी गोऱ्या, भाजणाऱ्या कातडीच्यांना मनाई केली. म्हणजे तू म्हणतोस ते नियमन इथे करून झालंय. दुकानं कमी झाली, पण कार्डाचा धंदा तोच राहिला. तिथे जास्त वेळा येणारं गिऱ्हाईक चांगलं, आणि धोका वाढतो तोही जास्त वेळा येण्यानेच. ‘नको, तुम्ही घरी जा’ हे सांगायचं काम कायद्याने काउंटरवरच्या पोरीवर टाकलं. तिचा पगार कुठून निघतो?

2009 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने हे बेड तंबाखू आणि ॲसबेस्टॉसच्या पंगतीला बसवले. तिशीच्या आत सुरुवात केली तर मेलानोमाची जोखीम 75 टक्क्यांनी वाढते, असा त्यांचा हिशेब होता. त्याच वर्षी ब्राझीलने बंदी घातली. इथे बहुतेक राज्यांत 2015 उजाडताना पैसे घेऊन बेडवर झोपवणं बंद झालं. घरात स्वतःपुरता बेड ठेवलास तर गुन्हा नाही. तुझं स्वातंत्र्य शाबूत आहे. बंद झाली ती विक्री. गॅरेजमध्ये चोरून धंदा करणारे निघाले, पकडले गेले, हेही खरं. पण गल्लीबोळातली पाटी गेली. मनात नसताना सहज आत शिरणारी अठरा-एकोणीसची पोर वाचली, तर मला तेवढं पुरे.

आपल्याकडे भारतात उलटं वेड, गोरं व्हायचं. 2018 पासून स्टिरॉइडची मलमं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. गेल्या दिवाळीत तिथल्या एका औषधाच्या दुकानात मी अशा मलमाचं नुसतं नाव घेतलं, तर पोराने ट्यूब पुढे केली, वर ‘गोरेपणासाठी ना?’ विचारलं. कागदावरच्या नियमांवर तुझा इतका विश्वास आहे म्हणून हे सांगितलं.

सुट्टीआधी थोडं टॅन केलं की नंतर भाजत नाही, असं ती मुलगी म्हणते ना? ती समजूत इथेही होती. त्या रंगाचं संरक्षण अगदी हलक्या सनस्क्रीनएवढं, आणि तो रंग चढतो तोच पेशींना इजा झाल्यावर. रंगच हवा असेल तर स्प्रेने मिळतो. तिला उपदेश करू नकोस, लहान तोंडी मोठा घास होईल. पाठीवरचा एखादा तीळ आकार किंवा रंग बदलत असेल तर डॉक्टरला दाखव, एवढं सांग. पाठ आपली आपल्याला दिसत नाही.

आईने भडंग पाठवलंय म्हणे. पोचलं की तिला कळव, रोज मला विचारते.

तुझी,
सुनीतामावशी