सहाव्या महिन्याची गोळी

मुंबई महानगरपालिकेच्या टी विभागात, म्हणजे मुलुंडमध्ये, आरोग्य केंद्राच्या स्वयंसेविका घरोघर फिरतात. गरोदर बायांची नोंद, बाळांचे लसीकरण, पोलिओचे डोस, तापाचे सर्वेक्षण, कुष्ठरोग व क्षयरोगाचे संशयित शोधणे आणि औषध चालू असलेल्यांचा पाठपुरावा अशी ही कामे आहेत. प्रस्तुत लेखिका याच कामातली आहे. राजकारण, वैद्यक आणि करमणूक यांविषयीची तिची मते घरभेटींतच तयार झाली. तिन्हींना तिने कसोटी लावली ती एकच: सुरू झालेला उपचार पुरा होतो की नाही.

औषधांना दाद देणारा क्षयरोग सहा महिन्यांत बरा होतो. पहिले दोन महिने आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड आणि इथॅम्ब्युटॉल ही चार औषधे एकत्र असलेल्या गोळ्या रोज घ्यायच्या. पुढचे चार महिने पायराझिनामाइड वगळून उरलेली तीन. गोळ्या किती, ते रुग्णाच्या वजनावर ठरते. रिफाम्पिसिनने लघवी नारिंगी होते. हे आधी सांगून ठेवले नाही तर रक्त जाते आहे असे समजून माणूस दुसऱ्याच दिवशी गोळ्या बंद करतो. खरी अडचण मात्र दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात येते. खोकला थांबतो, ताप जातो, भूक लागते, अंगावर मांस चढू लागते. मग ‘आता बरं वाटतंय की, ताई’ हे वाक्य खिंडीपाड्यापासून नवघरपर्यंत सारख्याच सुरात ऐकू येते. रोजंदारीवरच्या माणसाला बरे वाटणे म्हणजे कामावर जाणे. गोळ्यांनी मळमळते, मळमळले की खाडा पडतो, म्हणून गोळी राहते. अर्धवट उपचारातून वाचलेले जंतू पुढे औषधांना जुमानत नाहीत. मुंबईतल्या काही रुग्णांवर त्या वेळी वापरात असलेले क्षयाचे एकही औषध लागू पडत नसल्याचा अहवाल जानेवारी 2012 मध्ये जगभर गाजला. त्या रुग्णांच्या मागे अर्धवट आणि चुकीच्या उपचारांचा लांब इतिहास होता.

वैद्यकाविषयीचे लेखिकेचे मत यातूनच आले आहे. ऑगस्ट 2015 मध्ये पुण्याहून आणलेल्या हृदयाचे प्रत्यारोपण मुलुंडच्या फोर्टिस रुग्णालयात झाले. त्या शस्त्रक्रियेचा मुलुंडकरांना अभिमान वाटला आणि तो योग्यच आहे. पण त्याच उपनगरात डोंगराच्या पायथ्याच्या वस्तीत एखादा तरुण क्षयाने पुन्हा आजारी पडतो, तेव्हा उणे असते ते यंत्र नव्हे. बेडका तपासून काही तासांत जंतू आणि त्यांचा रिफाम्पिसिनला होणारा प्रतिकार ओळखणारी सीबीनॅट चाचणी आता शहरात मिळते. गोळ्या फुकट आहेत. उणा असतो तो दर आठवड्याला दारात येऊन ‘पट्टी दाखव बघू’ म्हणणारा माणूस. औषध लिहून देणे आणि औषध पोटात जाणे यांमधले अंतर मोजण्याची सोय कोणत्याही तपासणीत नाही. लेखिकेच्या मते वैद्यकाचा निम्मा भाग याच अंतरात आहे. ‘सलाईन लावा म्हणजे ताकद येईल’ हा आग्रह आणि दोन दिवसांत ताप उतरला की उरलेली प्रतिजैविके कपाटात ठेवून पुढच्या तापाला काढणे, ही त्याच दुखण्याची दुसरी रूपे. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून चालून आलेल्यांना लेप्टोस्पायरोसिस टाळण्यासाठी 72 तासांच्या आत डॉक्सिसायक्लिन घ्यायला सांगावे लागते. तिथेही गोळी हातात दिली म्हणजे ती घेतली गेलीच असे मानता येत नाही.

राजकारणाचे मोजमाप ती पक्षावरून करत नाही, वेळापत्रकावरून करते. नोव्हेंबर 2022 पासून मुंबईत सुरू झालेल्या ‘हिंदुहृदयसम्राट बाळासाहेब ठाकरे आपला दवाखाना’ या योजनेच्या नावावरून आणि श्रेयावरून पुष्कळ बोलले गेले. लेखिकेला तिच्यात मोलाची वाटते ती वेळ: सकाळी 7 ते 2 आणि दुपारी 3 ते रात्री 10. सकाळी डबा घेऊन लोकल पकडणाऱ्या आणि रात्री आठला मुलुंड स्टेशनवर उतरणाऱ्या माणसाला दुपारी बंद होणाऱ्या बाह्यरुग्ण विभागाचा उपयोग नव्हता. निक्षय पोषण योजनेचेही तसेच. एप्रिल 2018 पासून क्षयरुग्णाला आहारासाठी महिन्याला 500 रुपये थेट बँक खात्यात मिळू लागले. नोव्हेंबर 2024 पासून ही रक्कम 1000 रुपये झाली. रक्कम मोठी नाही, तरी रिकाम्या पोटी गोळी नको वाटणाऱ्या घरात अंडी आणि डाळ येते. परगावाहून आलेल्या मजुराचे खाते गावाकडे अडकलेले असते आणि त्याला हे पैसे उशिरा मिळतात, ही तिच्या मते योजनेची सर्वांत कच्ची बाजू.

महापालिकेची मुदत 7 मार्च 2022 रोजी संपली आणि पुढे साडेतीन वर्षांहून अधिक काळ मुंबईला नगरसेवकच नव्हते. वस्तीत याचा अर्थ फार साधा होता. नळाला गढूळ पाणी आले आणि जुलाबाचे रुग्ण वाढले, तर बायांनी घोळक्याने जाऊन जाब विचारावा असे जवळचे दारच उरले नाही. आमदार-खासदाराच्या निवडणुकीला दिसणारा उत्साह आधी महापालिकेच्या निवडणुकीला मिळायला हवा, असे लेखिका ठामपणे मानते.

स्थलांतराचा प्रश्न मात्र तिला सर्वांत जास्त अस्वस्थ करतो. गोरेगाव–मुलुंड जोडरस्त्याचे काम वस्त्यांना हलवणारे आहे. मुलुंड पूर्वेला प्रकल्पग्रस्तांसाठी 7,439 घरे बांधण्याच्या योजनेविरुद्ध रहिवासी रस्त्यावर उतरले. पाणी, रस्ते, रेल्वे यांवर ताण येईल हे त्यांचे म्हणणे खरे आहे, आणि घर गेलेल्यांना घर मिळालेच पाहिजे हेही तितकेच खरे आहे. दोन्ही बाजूंच्या भाषणांत घरांची संख्या येते. आरोग्य केंद्रांची संख्या येत नाही. घर हलले की पत्ता बदलतो, फोन बदलतो, तिसऱ्या महिन्यातला क्षयरुग्ण नोंदवहीत ‘सापडला नाही’ या रकान्यात जातो. गरोदर बाईची पुढची तपासणी राहते, बाळाचा गोवराचा दुसरा डोस राहतो. पोलिओच्या मोहिमेत दारावर खडूने ‘पी’ किंवा ‘एक्स’ लिहून राहिलेली घरे शोधता येतात, पण दारच पाडले गेले की शोधायचे कुठे? पुनर्वसनाच्या प्रत्येक आराखड्यात नव्या जागेचे आरोग्य केंद्र आधी आणि इमारत नंतर असा क्रम लागावा, ही तिची मागणी आहे.

करमणुकीशी या कामाचा संबंध रोजचा आहे. संध्याकाळी सात ते साडेनऊ मालिकांची वेळ असते, त्या वेळेत दार उघडले तरी लक्ष पडद्यावर असते. म्हणून महत्त्वाचे बोलणे दुपारी, भांडी आवरल्यावर. मालिकांविषयी लेखिकेची तक्रार नेमकी आहे. त्यांत उलटी झालेल्या सुनेची नाडी धरून वैद्य गोड बातमी देतो आणि नाव नोंदवणे, रक्ताची तपासणी, लोहाच्या गोळ्या यांचा उल्लेखही येत नाही. मराठी रंगभूमीने डॉक्टरांना भरभरून दिले: श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन, काशिनाथ घाणेकर दंतवैद्य, मोहन आगाशे मनोविकारतज्ज्ञ. अमोल कोल्हे तर एमबीबीएस होऊन छोट्या पडद्यावर शिवाजी महाराज आणि संभाजी महाराज झाले आणि 2019 मध्ये शिरूरमधून लोकसभेत गेले. परिचारिका आणि स्वयंसेविका मात्र नाटकांत क्वचितच आणि त्याही ट्रे घेऊन येण्यापुरत्या. मुलुंडच्या कालिदास नाट्यगृहात रविवारी नाटक पाहताना तिला हे दर वेळी खुपते.

तरीही पडद्याची ताकद ती मानते. आपल्याला मणक्याचा क्षय झाला होता आणि उपचारांनी तो बरा झाला, हे अमिताभ बच्चन यांनी जाहीरपणे सांगितले, तेव्हा वस्तीतल्या पुरुषांशी बोलणे सोपे झाले. एवढ्या मोठ्या माणसाला झाला तर आपल्याला लाज कसली, हा युक्तिवाद कोणत्याही पत्रकापेक्षा लवकर पटतो. बायकांसाठी असे उदाहरण अजून मिळालेले नाही. 2019 च्या ‘आनंदी गोपाळ’ चित्रपटाने डॉक्टर आनंदीबाई जोशींचे आयुष्य घराघरात पोचवले. 1887 मध्ये क्षयाने त्या गेल्या तेव्हा या रोगावर औषधच नव्हते. स्ट्रेप्टोमायसिन सापडले 1943 मध्ये. आज औषध असूनही लग्नाच्या मुलीचा क्षय लपवला जातो, सासरी तिचे ताट-वाटी वेगळे होते, वास्तविक हा रोग ताटावाटीतून पसरत नाही, खोकल्यातून हवेवाटे पसरतो. मालिका वर्षानुवर्षे चालतात. त्यांतल्या एखाद्या सुनेने सहा महिन्यांच्या भागांत रोज गोळ्या घ्याव्या, तिचे ताट घरच्यांच्या पंगतीतच राहावे आणि शेवटच्या तपासणीनंतर ती कामावर जावी, एवढे कथानक लेखिकेला मालिका लिहिणाऱ्यांकडून हवे आहे.