डाउनटाउन म्हणजे काय रे भाऊ?

हल्ली डोंबिवलीत सोसायटीच्या मीटिंगला बसलं की कुणाचं ना कुणाचं पोरगं कॅनडाला असतंच. घरात चर्चा फक्त फीची आणि कर्जाच्या हप्त्याची. त्यात जानेवारी २०२४ पासून तिथल्या सरकारने राहण्याखाण्यासाठी दाखवायची रक्कम १० हजार डॉलरवरून २०,६३५ वर नेली. एवढं जमवून पोचलेल्या पोराकडे शहर बघायला पैसे उरतात कुठे?

माझी पुतणी टोरांटोत शिकते. सुट्टीला डाउनटाउनमध्ये भटकते. डाउनटाउन म्हणजे शहराचा मध्य, आपल्या भाषेत स्टेशन परिसर. परवा फोनवर म्हणाली, "काका, भाडं सोडलं तर आज एक डॉलरही खर्च नाही केला."

म्हटलं, ते कसं काय?

तर ती युनियन स्टेशनला उतरली. बाहेर बर्फ. पण तिथूनच जमिनीखाली 'पाथ' नावाचं चालायच्या वाटांचं जाळं सुरू होतं, ३० किलोमीटरचं. ऑफिसं, दुकानं, मेट्रो सगळं जोडलेलं. त्यातून ईटन सेंटरपर्यंत आली. मग यंग स्ट्रीटने अर्धा तास चालत रेफरन्स लायब्ररीत. १९७७ सालची पाच मजली इमारत. आत बसायला कार्ड लागत नाही, "काय पाहिजे?" म्हणून कुणी हटकत नाही. शेजारच्या टेबलावर एक बेघर माणूस पेपर वाचत होता. त्यालाही कुणी उठवलं नाही. संध्याकाळपर्यंत उबेत बसून हिने असाइनमेंट संपवली.

शिकायला गेलेल्या पोरीसाठी ऊब ही चैन नसते, हे कल्याणकरांना तरी सांगायला नको. कल्याणच्या आनंदीबाई जोशी १८८३ साली फिलाडेल्फियाला गेल्या, १८८६ ला डॉक्टर झाल्या. पण तिथली थंडी आणि न मानवणारं खाणं यांनी तब्येत खचली, क्षय झाला. २६ फेब्रुवारी १८८७ ला त्या गेल्या, तेव्हा वयाची बावीस वर्षंही पूर्ण नव्हती.

आता आपलं डाउनटाउन बघा. दिवाळीच्या सकाळी फडके रोडवर तरुणाई लोटते, कारण त्या दिवशी रस्ता त्यांचा असतो. बाकी दिवस? बसायचं तर कॉफी घ्या, नाहीतर खासगी अभ्यासिकेचे महिन्याचे पैसे भरा. वन रूम किचनमध्ये पाच माणसं आणि चालू टीव्ही. त्यात बारावीच्या पोरीने पुस्तक उघडायचं कुठे?

आपल्याकडे परंपरा नाही असंही नाही. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ चं, म्हणजे आनंदीबाईंपेक्षा एक वर्षाने मोठं. ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ चं. महापालिका आल्या त्यानंतर जवळपास शंभर वर्षांनी. तेव्हाच्या लोकांना जे सुचलं, ते करोडोंचं बजेट असणाऱ्यांना सुचू नये?

मागणी साधी आहे. ठाणे, डोंबिवली, कल्याण, प्रत्येक स्टेशनपासून चालत पाच मिनिटांवर एक सार्वजनिक अभ्यासिका. फुकट, रात्री अकरापर्यंत उघडी. पंखे, पाणी, स्वच्छ टॉयलेट, आणि मुली बिनधास्त बसतील असा उजेड. बस्स.

नगरसेवक दारात आले की स्मार्ट सिटीचं नंतर विचारा. आधी विचारा, आमच्या पोरांनी बसायचं कुठे?