धुरेवरचे वजन

स्मरणिकेसाठी परदेशातील एखादा अनुभव लिहावा, असे संपादक मंडळाने कळवले, तेव्हा पदव्या, पगार आणि समुद्रापलीकडचे वैभव यांविषयी लिहावेसे मला वाटले नाही. ते इतरांनी पुष्कळ लिहिले आहे. मी एका शनिवारविषयी लिहितो. २०२३ च्या मार्च महिन्यातील त्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा मोटारीमागे ट्रेलर जोडला आणि तो सॅन होजेहून अर्व्हाइनपर्यंत, सुमारे ३८० मैल, म्हणजे सहाशे किलोमीटरांहून थोडे अधिक, ओढत नेला. त्या ट्रेलरमध्ये आपल्याच शाळेच्या एका माजी विद्यार्थ्याचा संसार होता. त्याच्या संमतीने हे लिहीत आहे. नाव घालू नये, एवढी एकच अट त्याने घातली.

त्या हिवाळ्यात अमेरिकेतील तंत्रज्ञान कंपन्यांनी हजारोंच्या संख्येने माणसे कमी केली. माझा हा वर्गमित्र त्यांत सापडला. एच-वन-बी व्हिसावर काम करणाऱ्याची नोकरी गेली की त्याच्या हाती जास्तीत जास्त साठ दिवस उरतात. तेवढ्यात दुसऱ्या कंपनीने त्याच्यासाठी अर्ज दाखल केला तर ठीक, नाहीतर बहुधा देश सोडण्याची वेळ येते. मुले शाळेत जात असोत, घराचा करार वर्षभराचा असो, त्या साठ दिवसांना कशाचेच सोयरसुतक नसते. नोकरी गेल्याचे त्याने गावी कळवले नाही. अर्ध्या तासाच्या अंतरावर राहणाऱ्या मलादेखील ते चाळिसाव्या दिवशी कळले. वसतिगृहात एका ताटात जेवलेल्या माणसाला दोन शब्द सांगणे एवढे जड का जावे, याचा मला खरोखर राग आला होता. पण मागण्याची लाज आपल्या घरांत गरिबीबरोबर येते आणि गरिबी गेली तरी ती घर सोडत नाही, हे मलाही ठाऊक आहे.

पन्नासाव्या दिवशी अर्व्हाइनच्या एका कंपनीने अर्ज दाखल केला. पुढच्याच सोमवारी रुजू व्हायचे होते. सामान हलवणाऱ्यांनी सांगितलेले दर ऐकून तो म्हणाला, "सगळं इथंच टाकून जाऊ." त्याची मोटार लहान होती. माझी टोयोटा हायलँडर मोठी, आणि सायकलींच्या रॅकसाठी म्हणून तिच्या मागे लोखंडी हिच कधीचीच बसवलेली होती. मोटार किती वजन ओढू शकते ते मी तिच्या पुस्तिकेत पाहिले. आमच्या गरजेपेक्षा ते बरेच जास्त होते. मग ट्रेलर भाड्याने आणायचा, असे ठरले.

अमेरिकेच्या रस्त्यांवर नारिंगी-पांढऱ्या रंगाचे हे ट्रेलर सारखे दिसतात. यू-हॉल ही त्यांची कंपनी लिओनार्ड शोएन आणि त्यांच्या पत्नी ॲना मेरी यांनी १९४५ साली सुरू केली. एका गावी ट्रेलर घ्यायचा आणि दुसऱ्या गावी सोडून द्यायचा, ही तिची सोय. आम्ही घेतलेला ट्रेलर पाच फूट रुंद आणि आठ फूट लांब, बंद पेटीसारखा होता. चार माणसांचा संसार तेवढ्यात बसवायचा, म्हणजे काय मागे ठेवायचे ते आधी ठरवावे लागते. सोफा राहिला, पलंग राहिले, जेवणाचे टेबल शेजाऱ्यांना गेले. वहिनींचे शिलाई मशीन, मुलांच्या सायकली, मिक्सर, गाद्या आणि पुस्तके एवढे घ्यायचे ठरले. पुस्तकांची खोकी नऊ निघाली. महाराष्ट्र शासन १९७९ पासून प्रसिद्ध करीत आलेले बाबासाहेबांचे इंग्रजी खंड त्याने प्रत्येक भारतवारीत दोन-दोन करून आणले होते. कपड्यांना जागा कमी पडली तरी चालेल, पण हे न्यायचेच, यावर तो ठाम होता.

शुक्रवारी संध्याकाळी आम्ही सामान भरत असताना मी बीडला फोन लावला. तिकडे शनिवारची सकाळ होती. आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, नेहमीप्रमाणे "जयभीम" म्हटले आणि हे काय चालले आहे ते दाखव, म्हणाले. मी फोनचा कॅमेरा ट्रेलरकडे वळवला. त्यांनी फार वेळ पाहिले नाही. पहिला प्रश्न विचारला तो असा : "धुरेवर किती येतंय?"

आपल्या शाळेतील अनेक मुलांचे आई-वडील दिवाळीनंतर कोयता घेऊन कारखान्यावर जात आणि उन्हाळा लागल्यावर परतत. माझे आण्णाही त्यांतले. मुकादमाची उचल फेडण्यासाठी त्यांनी वीस-बावीस हंगाम टायरगाडी हाकली. फडातून मोळ्या आणून गाडी रचायची, दोरखंडाने आवळायची आणि रात्री-अपरात्री कारखान्याच्या रांगेत उभी करायची. गाडीत दोन-अडीच टन ऊस असे. तो कसा रचला यावर बैलांचा जीव अवलंबून असे. पुढे फार भार आला तर जू मानेत रुतून खांदे सुजतात. मागे भार गेला तर धुरा वर उचलली जाते आणि जोत्याने बैलांचे गळे आवळतात. त्याला उलाळ होणे म्हणतात. आजच्या मुलांना हा शब्द ठाऊक नसेल, आणि तो ठाऊक नसावा म्हणूनच आपल्या आई-वडिलांनी आपल्याला शाळेत ठेवले होते.

आण्णा म्हणाले, "मागं लई भरू नको. उलाळ झाली की बैलाचा गळा आवळतो. तुझ्या मोटारीला गळा नाही, पण तुला हाय."

ट्रेलरवरच्या सूचना नेमके हेच सांगत होत्या. एकूण सामानापैकी साठ टक्के वजन पुढच्या निम्म्या भागात हवे. ट्रेलरच्या एकूण भाराचा साधारण दहा ते पंधरा टक्के हिस्सा मोटारीमागच्या लोखंडी गोळ्यावर टेकला पाहिजे. तो फार कमी पडला तर वेग वाढताच ट्रेलर मागे शेपटासारखा डुलू लागतो. डुलणे वाढत गेले तर तो मोटारीलाही बरोबर फिरवतो. बैलगाडीत चूक लगेच दिसते, कारण बैल अडतो. मोटार अडत नाही. पन्नास मैलांच्या वेगाला पोहोचेपर्यंत ती काहीच सांगत नाही. म्हणून जे करायचे ते भरतानाच करावे लागते. आम्ही पुस्तकांची नऊही खोकी पुढच्या भिंतीला चिकटवून, तळाशी, डावी-उजवीकडे समान वाटून ठेवली. त्यांच्यामागे शिलाई मशीन, मग भांडी, आणि सर्वांत मागे गाद्या. बाबासाहेबांचे खंड धुरेवर आले. मित्र त्यावर काही बोलला नाही, पण शेवटचे खोके त्याने स्वतः उचलून ठेवले.

ट्रेलर जोडून देणारा केंद्रावरचा कामगार वयस्क मेक्सिकन होता. पकड गोळ्यावर बसवून झाल्यावर तिने खालूनही गोळा धरला आहे ना, ते त्याने मला स्वतःच्या हाताने चाचपायला लावले. मग दोन साखळ्या पकडीखालून एकमेकींना छेद देऊन अडकवल्या. पकड चुकून सुटली तरी ट्रेलरचा दांडा रस्त्यावर आपटण्याऐवजी त्या फुलीत अडकून राहतो. शेवटी दिव्यांची तार जोडून त्याने मला ब्रेक आणि दोन्ही बाजूंचे दिवे लावायला सांगितले आणि मागे उभे राहून पाहिले. ही दहा मिनिटे घाईत उरकणारी माणसे मी नंतर पाहिली आहेत. अशांच्या मागे मी गाडी ठेवत नाही.

शनिवारी उजाडताच निघालो. पुढे मी, मागे मित्राची मोटार, तीत वहिनी आणि दोन्ही मुले. गिलरॉयपर्यंतच्या सपाट रस्त्यावर पहिली गोष्ट कळली ती ब्रेकची. या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नव्हते. त्याचे सगळे वजन मोटारीच्या चाकांनीच थांबवायचे होते. एरवी ठेवतो त्याच्या दुप्पट अंतर मी पुढच्या गाडीपासून ठेवले. दुसरी गोष्ट वळणांची. ट्रेलरची चाके मोटारीच्या वाटेने जात नाहीत, आतला कोपरा कापून जातात. म्हणून उजवीकडे वळताना आधी सरळ पुढे जायचे आणि मग वळायचे. ऊसगाडीसुद्धा बांधावरून अशीच वळवतात.

पाचेको खिंड ओलांडून सॅन लुईस जलाशयाच्या कडेला आलो, तेव्हा वारा सुरू झाला. त्या भागात पवनचक्क्या आहेत त्या उगाच नाहीत. एक मोठा ट्रक डावीकडून पुढे गेला. आधी त्याने ढकललेल्या हवेने ट्रेलर बाहेर सरकला आणि मग तो आत खेचला गेला. स्टीअरिंगवर मला एक हेलकावा जाणवला, मग दुसरा. अशा वेळी ब्रेक दाबावा, चाक उलट फिरवावे, असे हातापायांना अगदी आतून वाटते, आणि तेच करायचे नसते. स्टीअरिंग सरळ धरून ठेवायचे, ॲक्सिलरेटरवरून पाय काढायचा आणि वेग आपोआप उतरू द्यायचा. तिसरा हेलकावा लहान होता, चौथा आलाच नाही. आरशात मला मित्राची मोटार दिसली. तो बराच मागे राहिला होता. पुढच्या थांब्यावर पकड, साखळ्या, टायर सगळे तपासले. खोकी जागची हलली नव्हती. मुलांना काही कळले नव्हते. वहिनींना कळले होते, पण त्यांनी फक्त थर्मासमधला चहा ओतून दिला.

कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढणाऱ्या मोटारीला कमाल ५५ मैलांची मर्यादा आहे आणि तिने उजवीकडच्या मार्गिकेतच चालायचे असते. पाच क्रमांकाच्या महामार्गावर इतर मोटारी सत्तरने जातात, त्यामुळे सबंध दिवस सगळे जग आपल्याला ओलांडून जाते. ग्रेपव्हाइनचा घाट त्याच फेब्रुवारीत बर्फामुळे बंद ठेवावा लागला होता. आम्ही गेलो तेव्हा टेकड्या हिरव्यागार होत्या. चढावर इंजिन तापू नये म्हणून एअर कंडिशनर बंद करण्याच्या पाट्या आहेत. सुमारे ४,१०० फुटांवरच्या माथ्यापर्यंत मालट्रकांच्या रांगेत, त्यांच्याच गतीने चढलो. उतरणीला खालचा गिअर लावून ब्रेक शक्य तितके मोकळे ठेवले. लॉस एंजेलिसची गर्दी पार करायला अडीच तास लागले, त्याविषयी सांगण्यासारखे काही नाही.

खरी कसोटी अर्व्हाइनला, रात्री आठला लागली. इमारतीमागचा रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंना उभ्या मोटारी, आणि ट्रेलर उलटा आत न्यायचा. उलटे जाताना ट्रेलर स्टीअरिंगच्या विरुद्ध बाजूला वळतो. ते डोक्याने समजते, पण हाताला समजत नाही. मेक्सिकन गृहस्थांनी त्यावर साधी युक्ती सांगितली होती : हात स्टीअरिंगच्या तळाशी धरायचा, मग ट्रेलरचे मागचे टोक ज्या बाजूला हवे त्याच बाजूला हात न्यायचा. शुक्रवारी एका रिकाम्या वाहनतळावर मी तासभर तेवढाच सराव केला होता. दोन फूट मागे जायचे, थांबायचे, कोन पाहायचा. कोन वाढू लागला तर हट्ट करायचा नाही. पुढे येऊन सरळ व्हायचे, नाहीतर मोटार आणि ट्रेलर कात्रीसारखे दुमडतात.

मित्र मागे उभा राहिला, मला आरशात दिसेल अशा जागी. शाळेच्या कवायतीत तो रांगेच्या टोकाला उभा राहून हातवारे करायचा, अगदी तसेच त्याने हात वर केले. अठरा-वीस मिनिटे लागली. वरच्या मजल्यावरचे एक गृहस्थ खिडकीत येऊन पाहत राहिले. शेवटी त्याने दोन्ही तळहात उभे धरले आणि मी मोटार थांबवली.

खोकी आधी उतरवली. रात्री अकराच्या सुमारास रिकाम्या दिवाणखान्यात गाद्या घातल्या आणि मुले कपडे न बदलताच झोपली. रविवारी सकाळी ट्रेलर तिथल्या केंद्रावर परत केला, तेव्हा पकड सुटताच मोटारीची मागची बाजू दोन-अडीच इंच वर आली. वहिनींनी परतीच्या वाटेसाठी भाकरी आणि ठेचा बांधून दिला.

सोमवारी दुपारी मित्राचा निरोप आला की ओळखपत्र मिळाले. त्याच रात्री त्याने गावी फोन लावला आणि साठ दिवसांत काय घडले ते पहिल्यांदाच वडिलांना सांगितले.