पोर्तोच्या मंडईत ‘बटाटा’ वाचता येतो

पोर्तुगालच्या उत्तरेला पोर्तो शहर आहे. तिथे गेलात तर एक सकाळ बोल्यांव बाजारासाठी राखून ठेवा. विमानतळावरून निघणारी मेट्रो थेट बोल्यांव स्टेशनला येते आणि बाजार तिथून दोन पावलांवर आहे. फक्त रविवार टाळा, त्या दिवशी तो बंद असतो.

पोर्तुगीज भाषा येत नाही म्हणून बिचकू नका. ढिगावर खोचलेल्या पाटीवर रोमन अक्षरांत ‘बटाटा’ असं लिहिलेलं दिसेल आणि खाली खरोखर बटाटेच असतील. अननसाला इथे ‘अनानाश’ म्हणतात, पपईला ‘पपाया’, कोबीला ‘कोव’, पावाला ‘पांव’. काजू तर काजूच. फुलवालीच्या पायाशी असते ती बादली तिच्या भाषेत ‘बाल्द’. हे शब्द पोर्तुगीज गलबतांबरोबर गोवा-वसईच्या किनाऱ्याला लागले आणि आपल्या स्वयंपाकघरात असे रुळले, की ते परके वाटतच नाहीत. उलट दिशेनेही ये-जा झाली. आंब्याला पोर्तुगीज लोक ‘मांगा’ म्हणतात, तो शब्द आपल्या मलबारातून तिकडे गेला. मुलं बरोबर असतील तर त्यांना पाट्या वाचायला लावा, तासभर मजेत जाईल.

एका पाटीपासून मात्र सावध राहा. मांसाच्या काउंटरवर ‘पेरू’ दिसला, तर ते फळ नव्हे. पोर्तुगीजमध्ये पेरू म्हणजे टर्की पक्षी!

बाजाराची ही इमारत १९१४ सालची. दुमजली, मध्ये मोठा चौक. पुढे ती इतकी जीर्ण झाली, की आतल्या सज्जांना वर्षानुवर्षं लोखंडी टेकू लावून ठेवावे लागले. २०१८मध्ये दुरुस्तीसाठी बाजार बंद झाला आणि विक्रेत्यांना जवळच्या एका मॉलच्या खालच्या मजल्यावर बसवलं गेलं. आपल्याकडे मंडई ‘तात्पुरती’ हलवली की काय होतं ते आपल्याला माहीत आहे. इथे मात्र सप्टेंबर २०२२मध्ये बाजार पुन्हा उघडला आणि जुने विक्रेते आपापली भाजी, मासे, फुलं घेऊन परतले. आता तळमजल्यावर बाजार आहे आणि वर रेस्टॉरंट्स.

इमारत वाचली, पण बाजार वाचेल का, हा प्रश्न उरतोच. वाइनचा ग्लास हातात घेऊन चौकात फिरणारे पर्यटक खूप असतात. ते फोटो काढतात आणि पुढे जातात. भाजीवालीचं पोट फोटोवर भरत नाही. म्हणून माझा आग्रह असा, की निदान एका गाळ्यावर तरी खरेदी करा, आणि मग विचारून फोटो काढा. आधी ‘बों दिया’ म्हणा. फळं स्वतः चाचपू नका. बोट दाखवा, ती निवडून देते. ‘मेयु किलू’ म्हणजे अर्धा किलो. आभार मानताना पुरुषांनी ‘ओब्रिगादु’ म्हणायचं, बायकांनी ‘ओब्रिगादा’.

घ्यायचं काय? शाकाहारी कुटुंबालाही इथे उपाशी राहावं लागत नाही. ‘ब्रोआ’ हा उत्तरेकडचा मक्याचा पाव; वरून टणक, आतून जड आणि ओलसर. आपल्या लुसलुशीत पावाची अपेक्षा ठेवू नका. त्याच्याबरोबर ‘सेरा दा इश्त्रेला’ नावाचं मेंढीच्या दुधाचं चीज घ्या. त्याचं दूध प्राण्यांच्या रेनेटने नाही, तर एका काटेरी रानफुलाने फाडतात. पिकलं की ते इतकं मऊ होतं, की चमच्याने खातात. ‘त्रेमोसुश’ या पिवळ्या, खारवलेल्या शेंगबिया तोंडी लावायला छान. वालाच्या डाळिंब्या सोलतो तशा चिमटीत दाबायच्या, दाणा टुणकन बाहेर येतो.

केससारखी बारीक चिरलेली हिरवी पानं दिसली तर ती ‘काल्दु व्हेर्द’ सुपाची तयारी समजा. बटाट्याच्या घट्ट सुपात ही पानं घालतात. हॉटेलात मागवताना ‘सें कार्न’, म्हणजे मांसाशिवाय, असं आवर्जून सांगा, कारण वर डुकराच्या सॉसेजची चकती ठेवायची पद्धत आहे. मूळ रश्शातही मांस नाही ना, तेही विचारून घ्या.

मासे खाणाऱ्यांना ‘बाकाल्याव’चा गाळा वासावरूनच सापडेल. फळीसारखे कडक, मीठ लावून सुकवलेले कॉड मासे. गंमत म्हणजे पोर्तुगालच्या राष्ट्रीय पदार्थाचा हा मासा त्यांच्या किनाऱ्यावर मिळतच नाही. बराचसा नॉर्वेहून येतो. शिजवण्याआधी तो एक-दोन दिवस पाणी बदलत भिजवावा लागतो, त्यामुळे हॉटेलात राहणाऱ्यांनी विकत घेण्याच्या फंदात पडू नये. सुक्या बोंबलांवर वाढलेल्यांनी तिथे क्षणभर उभं राहून वास मात्र जरूर घ्यावा.

पैसे देताना ती विचारेल, ‘माइश अल्गूमा कोइझा?’ अर्थ विचारायची गरज नाही. ‘अजून काही देऊ का?’ असं आपली भाजीवाली ज्या सुरात विचारते, तोच तो सूर.